ढेपेंच्या गाडीलाच नकार

सात महिन्यांत हवालदार नवनाथ ढेपे यांनी पळणाऱ्या वाहनांमागे चौदा वेळा गाडी घातली, आणि त्यांतल्या अकरा वेळा ‘लगाम’ने त्यांना नाही म्हटलं. कासारवळणच्या महामार्ग चौकीकडे पाठलागाच्या गाड्या तीन. बाकीच्या दोन गाड्यांना मिळून एकोणीस वेळांत चार नकार. हे आकडे कुणी जाहीर केले नव्हते, पण कासारवळणात आकडे जाहीर करावे लागत नाहीत. चौकीसमोरच्या चहावाल्याला ते पाठ होते. दिवाळीत ढेपेंच्या घरी दोन दारांचा नवा फ्रिज आला, हेही त्याला पाठ होतं. या दोन नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की बेरीज आपोआप होते, आणि ती गावाने केव्हाच केली होती. चोर पळून जाऊ देण्याचे ढेपे काहीतरी घेतात.

ही बेरीज ढेपेंपर्यंत सगळ्यांत शेवटी पोचली. आधी लोक बोलायचे थांबले, मग जास्तच गोड बोलू लागले, आणि एके दिवशी चहावाल्याने हसत विचारलं, “फ्रिजमध्ये बर्फ लवकर होतो का हो साहेब?” तेव्हा ढेपेंना उजाडलं.

आता लगामचं थोडं सांगायला हवं. पोलिसांच्या पाठलागात चोर कमी मरतात आणि वाटेवरची माणसं जास्त, असा हिशेब पाच वर्षांपूर्वी गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने कोर्टात मांडला. न्यायाधीशांनी तो दोनदा तपासून घेतला आणि सरकारला कायदा करावा लागला. तेव्हापासून प्रत्येक पाठलाग-गाडीत हे यंत्र बसलं. गाडीने वेग धरला की तीन सेकंदांत ते दोन आकडे काढतं. मागे लागलो तर किती जिवांना धोका, हा पहिला. सोडून दिलं तर किती जिवांना, हा दुसरा. पहिल्यासाठी ते पुढच्या पाच किलोमीटरांतले मोबाईल मोजतं, शाळा सुटायची वेळ पाहतं, बाजाराचा वार पाहतं, ठाण्यातल्या बंदोबस्ताच्या नोंदी वाचतं, रस्त्याची वळणं, पुढच्याचे टायर, मागच्याचा चालक, सगळं जमेस धरतं. दुसऱ्यासाठी पळणाऱ्याने काय केलंय ते विचारात घेतं. खुनी असेल तर आकडा वेगळा, डिझेलचोर असेल तर वेगळा. पहिला आकडा मोठा निघाला की डॅशबोर्डवरचा दिवा लाल होतो आणि इंजिन दहा सेकंदांत साठाच्या वेगावर येतं. एकदम आणलं तर मागचा ट्रक पाठीवर चढेल, म्हणून दहा सेकंद. तेवढ्यात चालकाने आपण होऊन पाय उचलायचा. मग बसच्या तिकिटाएवढी एक चिठ्ठी बाहेर येते, तिच्यावर नकाराचं कारण असतं.

यामागचं शास्त्र साधं, पण पोलिसांच्या घशाखाली न उतरणारं. मागे कुणी नाही असं दिसलं की पळणारा दोन-तीन मिनिटांत स्वतःच वेग कमी करतो. त्याला पुढे चहा प्यायचा असतो. रस्त्यावरचे कॅमेरे त्याचा माग ठेवतात आणि चार दिवसांनी त्याला घरातून, बनियनवर, उचलता येतं. अशा अटकेत कुणी जखमी होत नाही, पण कुणाचा फोटोही छापून येत नाही. ढेपे चालक म्हणून भरती झाले ते बनियनवरची माणसं उचलायला नव्हे.

त्या गुरुवारी दुपारी चारला टोलनाक्याचा दांडा मोडून एक राखाडी जीप निघाली. चोरीची होती. ढेपेंनी गाडी मागे घातली. शंभर, एकशे वीस, एकशे पस्तीस. पुढची जीप हाताच्या अंतरावर आल्यासारखी वाटायला लागली आणि दिवा लाल झाला.

शेजारी बसलेला पोलीस नाईक जालिंदर खोत याचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. ढेपेंनी ते तिरक्या डोळ्याने टिपलं. दिवा लाल झाला की जालिंदर हे हमखास करायचा. पूर्वी ढेपेंना वाटायचं की तो शिवी घालतो. अलीकडे त्यांना दुसरंच वाटायला लागलं होतं. शर्टाच्या गुंडीत माईक लपवता येतो, हे त्यांनी मालिकेत पाहिलं होतं.

गाडी साठावर आली. जीप ठिपका झाली आणि मग ठिपकाही गेला.

“आज कोण आडवं आलं?” ढेपेंनी विचारलं.

जालिंदरने चिठ्ठी फाडली. “अडीच किलोमीटरवर संजीवनी महिला भजनी मंडळ, दोनशे बाया. दादा, तुमच्या वाटेला भक्तिभाव फार येतो.”

साठाच्या वेगाने ते त्या जागी पोचले. खडीचा एक ढीग होता, त्यावर एक शेळी उभी होती. दोनशे बाया नव्हत्या. एकही नव्हती. ढेपेंनी खाली उतरून रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, जणू बाया ओढ्यात लपल्या असाव्यात. जालिंदर म्हणाला की शेळीचा आवाज बरा आहे, मंडळात घेतली असेल.

ढेपे हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. आधीच्या दहा चिठ्ठ्या घरी एका डब्यात होत्या.

शुक्रवारी सकाळी राजधानीहून निरीक्षक फरीदा मुजावर आल्या. पाठलाग तपासणी कक्षाच्या त्या मुख्य. पन्नाशीच्या, चष्म्याची साखळी गळ्यात, बोलणं इतकं मऊ की समोरचा माणूस आपण होऊन जास्तीचं बोलून जातो. ढेपेंना त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मुलगी कुठे शिकते ते विचारलं. मग म्हणाल्या की चौदात अकरा हा आकडा त्यांच्या कार्यालयात कुणाला झोपू देत नाही. त्या आरोप करत नव्हत्या. गस्तीच्या वेळा चोरांना आधी कळत असतील का, एवढंच त्यांना हवं होतं. ढेपेंनी आपला मोबाईल काढून टेबलावर ठेवला. फरीदांनी आभार मानून तो पाकिटात घातला आणि पाकिटावर ढेपेंची सही घेतली. एखाद्याच्या घरून लोणच्याची बरणी घ्यावी तसं.

मग त्यांनी सेवापुस्तक उघडलं. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. “मालेवाडी फाटा. सहा वर्षांपूर्वी.”

“त्यात माझा दोष निघाला नाही मॅडम. वायरलेसवर थांबा म्हटल्याबरोबर मी पाय उचलला होता.”

“मी अजून काही विचारलं नाही,” फरीदा म्हणाल्या आणि पान उलटलं.

मालेवाडी फाट्याचं प्रकरण कासारवळणात सगळ्यांना माहीत होतं. लगाम येण्याआधीचा काळ. तांब्याच्या तारा चोरून पळणारा टेम्पो, मागे ढेपे. फाट्यावर गर्दी दिसली म्हणून नियंत्रण कक्षाने वायरलेसवर ‘थांबा’ सांगितलं. त्यानंतर चार सेकंदांनी टेम्पो उलटून एका रसवंतीवर पडला. रसवंतीवाल्याची बायको आणि रस प्यायला थांबलेले एक शिक्षक, दोघं जागीच गेले. चौकशी झाली. तेव्हाच्या गाड्यांत पाय कधी उचलला याची नोंद होत नसे. ढेपेंनी जबाब दिला की लगेच उचलला, आणि चार सेकंद म्हणजे किती कमी वेळ हे चौकशी अधिकाऱ्यांनाही पटलं. ढेपे निर्दोष सुटले. रसवंती पुन्हा उभी राहिली नाही.

फरीदांनी निघताना सांगितलं की प्रत्येक नकाराचा एक सविस्तर तक्ता असतो, तो सीलबंद असतो, वरिष्ठांची लेखी परवानगी सोमवारपर्यंत येईल. तोवर ढेपेंनी स्टिअरिंगला हात लावू नये. सोमवारी तक्त्यातून कुणाचा हात दिसला तर निलंबन आणि गुन्हा, दोन्ही एकाच दिवशी.

म्हणजे ढेपेंकडे तीन दिवस होते.

संशय घ्यायला लागलेला माणूस फार मेहनती होतो. ढेपेंनी आधी जालिंदरवर घेतला. त्याच्यामागे शुक्रवारची अख्खी संध्याकाळ फिरून त्यांना एवढंच कळलं की तो बायकोला न सांगता भजी खातो. मग त्यांनी चौकीच्या अधिकाऱ्यावर घेतला, मग वायरलेसवाल्यावर. शेवटी ते डब्यातल्या चिठ्ठ्या घेऊन बसले आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते त्यांनी केलं. सगळ्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर एकच कारण होतं, पुढे गर्दी. आणि गर्दी कसली, तर भजनी मंडळ, हळदीकुंकू समिती, मंगळागौर, सखी मेळावा.

शनिवारी सकाळी ते शहर ठाण्यात गेले. रस्त्यालगत कार्यक्रम करायचा तर ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. ठाणे अंमलदार त्यावर शिक्का मारतो, बंदोबस्ताच्या वहीत नोंद करतो, ती नोंद लगाम वाचतं. अर्ज कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेला चालतो. ही कासारवळणची जुनी चाल, महिला मंडळांकडे ओळखपत्र मागितलं तर वरून फोन येतो. आणि ठरलेला कार्यक्रम झाला की नाही, हे बघायला कुणी जात नाही. कार्यक्रम झाला नाही असं कळवण्याचा अर्ज सरकारने अजून छापलेला नाही.

अंमलदाराने वही दिली, पण हात वहीवरच ठेवला. ढेपे पानं फाडायला आलेत अशी त्याची खात्री होती.

चिठ्ठ्यांशी जुळणारे अर्ज अकरा सापडले, पाठलाग न झालेल्या दिवसांचे वेगळे. मंडळांची नावं सात, जागा सगळ्या ढेपेंच्या गस्तीच्या पट्ट्यात, तारखा सगळ्या ढेपेंच्या पाळीच्या. इथपर्यंत चौकीतल्या कुणाचाही हात असू शकत होता. पाळ्यांचा तक्ता रविवारी संध्याकाळी भिंतीवर लागतो, तो कुणीही वाचावा. पण मार्चच्या नऊ तारखेने ढेपेंना अडवलं. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. सकाळी सात वाजता सहकाऱ्याचा फोन आला, त्याच्या सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून ढेपेंनी पाळी बदलून घेतली. घरातूनच, स्वयंपाकघरात उभं राहून. भिंतीवरच्या तक्त्यात तो बदल चढला दुपारी. आणि वहीत नऊ तारखेच्या अर्जावर शिक्क्याची वेळ होती सकाळी साडेनऊ.

साडेनऊला हे माहीत असणारी माणसं तीन. सहकारी, जो दवाखान्यात होता. ढेपे स्वतः. आणि ढेपेंनी फोन ठेवून ज्या तक्त्यावर पेन्सिलीने फुली मारली, तो तक्ता जिथे लावलेला असतो तिथे उभं राहून चहा गाळणारं माणूस.

पाळ्यांच्या तक्त्याची ढेपेंची प्रत फ्रिजच्या दारावर, आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली असायची. गावाला खुपणाऱ्या त्या फ्रिजच्या आत काहीच काळंबेरं नव्हतं. जे होतं ते दारावर.

मोहिनी ढेपे पोलीस लाईनच्या खऱ्याखुऱ्या भजनी मंडळाची अध्यक्ष. पेटी ती वाजवायची, हिशेब ती ठेवायची, कुणाच्या घरी काय चाललंय तेही तिला ठाऊक असायचं. ढेपे घरी आले तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. ढेपेंनी नऊ तारखेच्या अर्जाची नक्कल तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचललीही नाही.

“तो तेवढा घाईत झाला,” ती म्हणाली. “बाकीचे बरे जमलेत.”

ढेपेंना ओरडायचं होतं. लाईनीतल्या भिंती पातळ असतात म्हणून ते खालच्या पट्टीत बोलले, आणि खालच्या पट्टीतला राग जास्त लागतो. गाव त्यांना लाचखोर म्हणतंय हे तिला माहीत आहे का, त्यांनी विचारलं. तिला माहीत होतं. भाजीवाली सुटे देताना हसते, असं तिने सांगितलं.

“मग?”

“मग काय, हसू दे म्हटलं.”

ढेपे खाली बसले. नवरा मरेल ही भीती प्रत्येक पोलिसाच्या घरात असते, असं ते म्हणाले, म्हणून कुणी सरकारला फसवत नाही.

“तुम्ही मराल ही भीती आहेच, ती लाईनीतल्या खोलीबरोबरच मिळते,” मोहिनी म्हणाली. तिचे हात मेथीवर चालूच होते. “माझी वेगळी आहे. मालेवाडी फाट्यावरून तुम्ही घरी आलात, हात धुतलेत, दोन भाकऱ्या खाल्ल्यात आणि तिसरी मागितलीत. आणि मी काही विचारायच्या आधी म्हणालात, मी पाय लगेच उचलला होता. माझा हात परातीत थांबला. ज्याने उचललेला असतो तो असं आधी सांगत नाही.”

“चौकशीने सोडलंय मला.”

“चौकशीला तुम्ही जेवताना दिसला नव्हतात.”

तिने देठं वर्तमानपत्रात गुंडाळली. म्हणाली की अर्जांतली पहिली जागा निवडताना ती दोन दिवस घाबरली होती, तिसऱ्यापासून सवय झाली. ज्या अकरा गाड्या सुटल्या त्यांतल्या नऊ नंतर पकडल्या गेल्या, याची तिने कात्रणं काढून ठेवलीत. मरायला कुणी मेलं नाही. हा हिशेब तिच्यापुरता जुळतो. “पकडली गेले तर शिक्षा भोगेन, तुम्ही खोटं बोलू नका, तुम्हाला ते नीट जमत नाही.”

रविवार दोघांनी एका घरात काढला आणि एकमेकांना मीठसुद्धा मागितलं नाही. ढेपे हिशेब करत होते. खरं सांगितलं तर बायको कोर्टात उभी राहते, सरकारी नोंदीत खोटी माहिती, दोन वर्षं तरी. गप्प बसलं तर लाचखोर ते ठरतात. तिसरा रस्ता एकच दिसत होता, अर्ज आपणच केले म्हणायचं. का केले म्हणायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.

सोमवारी फरीदा मुजावर यांच्यासमोर टेबलावर फोडलेलं पाकीट होतं आणि तक्त्याचे कागद. ढेपे बसायच्या आधीच बोलले. “अर्ज मीच केले मॅडम.”

फरीदांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “बसा. अक्षर तुमचं नाही. तुमचं अक्षर मी सेवापुस्तकात पाहिलंय, ते पावसात भिजल्यासारखं आहे. हे पेटीच्या वहीत सूर लिहिणाऱ्या माणसाचं आहे.”

ढेपे खुर्चीत बसले.

“पण मी अर्जांबद्दल बोलवलंच नाही तुम्हाला,” त्या म्हणाल्या आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी जे समजावून सांगितलं ते असं. लगाम मिळालेली प्रत्येक माहिती नंतर पडताळून बघतं. अर्जात दोनशे बाया असतील तर त्या वेळी तिथे किती मोबाईल होते, कॅमेऱ्यात किती माणसं दिसली, हे ते त्याच रात्री ताडतं. पहिले दोन अर्ज त्याने खरे मानले. तिसऱ्याला निम्मं वजन दिलं. पाचव्यापासून कासारवळणच्या महिला मंडळांना ते मोजतच नव्हतं. कागदावर त्या रकान्यात शून्याच्या पुढे शून्यंच होती.

“मग नकार कसला?”

“चालकाचा.”

खोलीतला पंखा फिरत होता. फरीदांनी पुढचं सांगताना आवाज आणखी मऊ केला. दिवा लाल झाल्यावर चालकाचा पाय वेगाच्या पेडलवरून किती वेळाने उठतो, हे यंत्र प्रत्येक वेळी मोजतं. चौकीतल्या बाकी चालकांना एक सेकंद लागतो, कुणाला सव्वा. त्यामुळे तीच जीप, तोच रस्ता, पण गाडीत दुसरा कुणी असता तर दिवा हिरवा राहिला असता. वजनाने सगळ्यांत जड कारण तेच होतं, पण चालकाच्या नावचं कारण चिठ्ठीवर छापायचं नाही, शेजारच्या शिपायासमोर अपमान होतो, असं कर्मचारी संघटनेने भांडून मिळवलं होतं. म्हणून चिठ्ठीवर त्याच्या खालोखालचं कारण छापलं जाई, ते कितीही हलकं असलं तरी. आणि तक्ता सीलबंद. “सात महिने हे कुणालाच कळू नये, ही आमची चूक. ती मी लिहिणार आहे. पण ती वेगळी.”

“माझा किती?” ढेपेंनी विचारलं.

फरीदांनी बोट ठेवलं. अकरा आकडे होते. ३.७, ४.१, ३.९, ४. सरासरी खाली लाल शाईत होती, ३.९.

ढेपे म्हणाले की यंत्र खोटं बोलतंय. ते म्हणाले की हे बाहेर बसून ठरवलेलं आहे, त्यांना काढायचं म्हणून. त्यांचा पाय लगेच उठतो, त्यांना स्वतःला जाणवतं तो उठलेला. फरीदांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की आकडा अमान्य असेल तर लेखी हरकत घ्यावी. मग त्यांना एकूण एक माहिती तपासावी लागेल, अर्जसुद्धा, अर्ज लिहिणारा हातसुद्धा. त्यांतलं काही खोटं निघालं तर नियमाप्रमाणे अकराही नकार रद्द, चालकाचा आकडा पुसला जाईल, स्टिअरिंग परत. आणि मान्य असेल तर तपासण्यासारखं काही उरत नाही, लाचेचा संशय संपला, फाईल बंद. फक्त पाठलागाची गाडी कायमची गेली.

“अर्धा तास घ्या,” त्या म्हणाल्या. “चहा थंड झालाय तुमचा.”

ढेपे अंगणात आले. जालिंदर गाडीचा आरसा पुसत होता. ढेपेंनी त्याला सरळ विचारलं की दिवा लाल झाला की तो ओठांनी काय बोलतो.

जालिंदरने फडकं खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पहिल्यांदाच उतरलेली होती. “मोजतो दादा.”

“काय मोजतोस?”

“तुम्ही पाय उचलेपर्यंत. एक, दोन, तीन, चार. दर वेळी चार होतात. पहिल्यांदा भीतीने मोजलं, मग सवयीने.” त्याने फडकं पुन्हा उचललं. “मला वाटायचं तुम्हाला माहितीय.”

ढेपेंनी आरशाकडे पाहिलं. पुसलेल्या आरशात महामार्ग दिसत होता, दुपारच्या उन्हात पांढरा. टेम्पो कसा उलटला ते त्यांना नेहमी दिसायचं, आवाज न होता, सावकाश. वायरलेसवरचं ‘थांबा’ही त्यांना ऐकू यायचं. त्या दोन्हींच्या मध्ये काय होतं हे सहा वर्षांत कधी दिसलं नव्हतं, कारण तिथे काही आहे असं ते धरतच नव्हते. चौकशीने तो वेळ मोजून ठेवला होता. चार सेकंद. किती कमी वेळ, असं सगळे म्हणाले होते.

ते आत गेले. फरीदांनी दोन्ही कागद तयार ठेवले होते, हरकतीचा डाव्या हाताला, मान्यतेचा उजव्या.

“मॅडम, हा आकडा जुना असू शकतो का? म्हणजे माणसाचा पाय सहा वर्षांपूर्वी वेगळा आणि आता वेगळा, असं?”

फरीदांनी चष्मा काढला. साखळीला लटकू दिला. “वयाने थोडा वाढतो. दहावा भाग, फार तर.” मग त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं, “ते प्रकरण बंद आहे, ढेपे. मी ते उघडत नाहीये.”

“मला कळलं.”

ढेपेंनी उजवीकडचा कागद ओढला. सही करताना त्यांनी आकडा पुन्हा वाचला, किराणावाल्याची यादी वाचावी तसा बारकाईने. कुठे चूक सापडली तर बघावी म्हणून. सापडली नाही.

कासारवळणात संध्याकाळपर्यंत बातमी पोचली की ढेपे सुटले, पैसे खाल्ले नव्हते, नुसते नजरेने कमी झालेत म्हणून त्यांना नियंत्रण कक्षात बसवलं. नजरेचं कुणी घातलं ते कळलं नाही. चहावाल्याने आपली बेरीज खोडली आणि नव्या गिऱ्हाइकासाठी पाटी कोरी केली.

घरी मोहिनीने काही विचारलं नाही. तिने फ्रिजच्या दारावरचा जुना तक्ता काढून त्याची घडी घातली. चुंबक दाराला तसाच राहिला. ढेपेंनी हात धुतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले, आणि पाटावर येऊन बसले. तिने ताट वाढलं. मेथी, ठेचा, दोन भाकऱ्या.

“मॅडमनी अर्ज बघितले?” तिने शेवटी विचारलं.

“बघितले. यंत्राने तिसऱ्यापासूनच त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता.”

मोहिनीने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं. “मग नकार कशाचा यायचा?”

ढेपेंनी भाकरीचा तुकडा मोडला. भाजीला लावला. “चार सेकंद लागतात मला,” ते म्हणाले. “पाय उचलायला. प्रत्येक वेळी.”

ती बघत राहिली. ढेपेंनी तो तुकडा पुन्हा ताटात ठेवला, भाकरीच्या मोडलेल्या कडेशी, जिथून काढला होता तिथे नीट बसवल्यासारखा. मग ताट हाताने थोडं पुढे सरकवलं.

मोहिनीने ते उचललं नाही. ती समोर बसून राहिली. तव्यावरची तिसरी भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी ती उठली नाही.